रेघ कुणाची?

कीर्तन संपले, की मंडळी बुक्का लावतात, प्रसाद घेतात आणि आपापल्या घराची वाट धरतात. एखादाच मागे रेंगाळतो. त्याच्या पोटात काहीतरी असते. गेल्या कार्तिकात अकोल्यापासून जवळच एका गावी सप्ताह होता. काल्याचे कीर्तन झाले, टाळकरी टाळ आवरू लागले, तेव्हा असाच एक गृहस्थ मंडपाच्या खांबाशी उभा दिसला. वय चाळिशीच्या आसपास. हात स्वच्छ धुतलेले, तरी नखांच्या कडांत निळा रंग राहिलेला. मी त्याला ओळखले नाही. त्याने मात्र मला चांगले ओळखले होते.

तो म्हणाला, "महाराज, मी पेंटर आहो. हात बसला, रंग समजले, लोकं कामं देतात. पन माह्या चित्रात मी कोठंच दिसत नाही. दुसऱ्याचंच उतरवल्यावानी वाटते. असं काहून होते?"

"चित्रात तू दिसायचास कशाला? देव दिसला म्हणजे झाले," हे उत्तर माझ्या अगदी ओठावर होते. तेवढ्यात तो खाली मान घालून म्हणाला, "बारा वर्साआधी तुमीच म्हनलं होतं, देवाचं चित्र आपल्या मनानं काढू नये म्हून." तेव्हा मला सगळे आठवले, आणि ओठावरचे उत्तर मी गिळले.

झाले होते ते असे. तो तेव्हा पंचविशीतला पोरगा. अकोल्यात दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरी. गावच्या सप्ताहासाठी त्याने एका मोठ्या फळीवर पांडुरंगाचे चित्र काढून आणले. देव विटेवर उभा, कर कटेवर, सगळे यथास्थित. पण चेहरा छापील तसबिरीतला नव्हता. उन्हाने रापलेला, गालफडे बसलेली, डोळे आभाळाकडे लागून थकलेले. मी सर्वांदेखत त्याला विचारले, "हे काय रे? देवाला कास्तकार केलेस?" तो चाचरत बोलला, "महाराज, माहा बाप पाऊस लांबला का धुऱ्यावर असाच उभा राह्यते, कमरेवर हात ठिवून." मंडपात हशा पिकला. मीही हसलो. वर दोन वाक्ये परंपरेवर आणि अहंकारावर बोललो. त्याने फळी उचलली आणि गेला. पुढची बारा वर्षे त्याने छापील चेहरेच उतरवले.

तेव्हा हा लेख मी दुसऱ्या कुणाला शहाणपण सांगायला लिहीत नाही. त्याला मी जे उत्तर द्यायला हवे होते, ते उशिरा का होईना शोधतो आहे. प्रश्न चित्रकाराचा असला, तरी गाणाऱ्याला, सांगणाऱ्याला, लिहिणाऱ्याला, जो कोणी हाताने वा वाणीने काही घडवतो त्या प्रत्येकाला तो लागू आहे. आपली म्हणून काही रेघ असते काय? आणि असली, तर तिचा शोध घेणे हा अहंकार की धर्म?

प्रथम माझी बाजू मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. 'माझे वेगळे दिसले पाहिजे' या हव्यासाने पुष्कळांचे वाटोळे झालेले मी पाहिले आहे. चाल बसलेली नाही, पाठांतर नाही, आणि नवेपण मात्र हवे. असा गवई लोकांना आपला गळा दाखवतो, अभंग दाखवीत नाही. चित्रातही तसे होत असणारच. म्हणून जुन्या वळणाला धरून राहा, असे सांगणारा माणूस सर्वस्वी चुकतो असे नाही.

परंतु जुने वळण म्हणजे कोणते, याचा मी विचारच केला नव्हता. आपल्या देवघरातल्या तसबिरी फार जुन्या आहेत असे आपण धरून चालतो. वास्तविक १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत शिळाप्रेस काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघर पोहोचली. त्याच्या मागून इतर छापखाने आले, दिनदर्शिका आल्या. म्हणजे ज्याला मी सनातन चेहरा समजत होतो, तो सव्वाशे वर्षांमागे त्रावणकोरच्या एका चित्रकाराने आणि त्याच्या मागून आलेल्यांनी आपल्या मनानेच काढलेला होता. त्यांनी आपल्या डोळ्यांपुढची माणसे पाहिली आणि त्यांत देव पाहिला. माझ्या पेंटरनेही तेच केले. त्यांच्या चित्राला आपण हात जोडतो, आणि याच्या चित्राला मी हसलो.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. पाठशाळेत असताना गुरुजींनी चित्राची सहा अंगे पाठ करून घेतली होती. कामसूत्रावर यशोधराची जयमंगला नावाची टीका आहे, तीत ती सांगितली आहेत. रूपभेद, म्हणजे आकारांची ओळख. प्रमाण, म्हणजे माप. भाव. लावण्ययोजन. सादृश्य, म्हणजे मूळ वस्तूशी सारखेपणा. आणि वर्णिकाभंग, म्हणजे रंग व कुंचला यांची जाण. यांतली बहुतेक अंगे गुरूने हात धरून शिकवता येतात. माप फुटपट्टीने तपासता येते, रंग घोटून दाखवता येतो. भाव तेवढा शिकवता येत नाही. तो ज्याचा त्याने आणावा लागतो. माझ्या पेंटरची बाकीची अंगे तयार झाली होती. एका अंगावर मी पाय दिला होता.

विष्णुधर्मोत्तर पुराणात चित्रसूत्र म्हणून एक प्रकरण आहे. वज्र राजा मार्कंडेय ऋषींना विचारतो, मला मूर्ती घडवायला शिकवा. ऋषी म्हणतात, त्यासाठी चित्र आले पाहिजे. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, आणि वाद्यासाठी गाणे आले पाहिजे. लहानपणी मला ही टाळाटाळ वाटे. आता वाटते, ऋषी राजाला आतल्या बाजूला नेत होते. दगडाच्या पाठीमागे रेघ आहे, रेघेच्या पाठीमागे हालचाल आहे, आणि हालचालीच्या पाठीमागे माणसाचा श्वास. श्वास काही उसना घेता येत नाही.

कालिदासाने तर हा प्रश्न एका शब्दात सोडवला आहे. 'मालविकाग्निमित्र' नाटकात राजा मालविकेला आधी चित्रात पाहतो. त्याच्या मनात शंका येते, की चित्रकाराने जरा जास्तच रूप दिले असेल. पुढे दुसऱ्या अंकात ती प्रत्यक्ष नृत्याला उभी राहते, तेव्हा उलटे घडते. राजाला वाटते, हिच्यापुढे चित्र उणे पडले. का उणे पडले? चित्रकाराचा हात कच्चा होता असे तो म्हणत नाही. रंग वाईट होते असेही म्हणत नाही. तो म्हणतो, चित्रकार शिथिलसमाधी होता. त्याचे लक्ष ढिले पडले होते. रेखाटताना तो पुरता तिथे नव्हता.

'चित्रात मी कोठंच दिसत नाही' या तक्रारीचे निदान मला या शब्दात सापडले. चित्रात आपण दिसत नाही, कारण काढताना आपण तिथे नसतो. हात तिथे असतो, मन गिऱ्हाइकापाशी असते, नाहीतर मूळ छापील चित्रापाशी, नाहीतर कोणी हसेल काय या भीतीपाशी. मी त्याला भीती दिली होती.

हे नुसते पोथीतले बोलणे वाटू नये म्हणून दोन माणसांची हकीगत सांगतो. दोघेही एकाच साली, १९२२ मध्ये जन्मले, आणि दोघेही त्या वेळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातले.

पहिले सय्यद हैदर रझा. जन्म मंडला जिल्ह्यातील बाबरिया गावचा. वडील जंगलखात्यात, घर रानात, जवळ नर्मदा. शाळेत मुलाचे चित्त ठरत नसे. तेव्हा नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितले, याच्याकडे पाहत बैस. एवढेच. पुढे हा मुलगा नागपूरच्या चित्रशाळेत शिकला, १९४३ साली मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेला. १९४८ साली काश्मिरात त्याची चित्रे एका मोठ्या फ्रेंच छायाचित्रकाराने, आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी पाहिली, आणि स्पष्ट सांगितले, की तुमच्या अंगात गुण आहे, पण चित्राला बांधणी नाही. रझांनी राग धरला नाही. ते फ्रेंच शिकले आणि १९५० साली पॅरिसला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले. १९५६ साली तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो प्रथमच मिळत होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. नाव झाले, पैसा झाला. पण १९७० नंतरच्या वर्षांत त्यांना चैन पडेना. हे सगळे चांगले आहे, पण यात माझे काय आहे, असे त्यांना वाटू लागले. म्हणजे आमच्या पेंटरचाच प्रश्न! ते वरचेवर भारतात येऊ लागले, अजिंठा-वेरूळ पाहिले, काशी पाहिली. आणि १९८० च्या सुमारास त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी एक काळा गोल येऊन बसला. तो गुरुजींचा ठिपका होता. त्यांनी त्याला बिंदू म्हटले आणि पुढे अखेरपर्यंत तो सोडला नाही. २०१६ साली दिल्लीत देह ठेवला. दफन त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी झाले. मुसलमान घरात जन्मलेला माणूस बिंदूचे ध्यान करतो, याचे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना संत मानणाऱ्या वारकऱ्याला नवल वाटणार नाही. माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. जे त्यांना मिळाले, ते लहानपणीच हाती दिलेले होते. मधली पन्नास वर्षे मात्र फुकट गेली नाहीत. पॅरिसची बांधणी शिकले नसते, तर तो ठिपका भिंतीवरचा ठिपकाच राहिला असता.

दुसरे अंबादास खोब्रागडे. हे तर आपल्या अकोल्याचे. किती अकोलेकरांना हे नाव ठाऊक असेल, शंकाच आहे. मलाही हा लेख लिहायला बसेपर्यंत ठाऊक नव्हते. तेही जे. जे. मध्ये शिकले, १९५२ साली पदविका घेतली, पोटासाठी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. १९६२ साली भावनगरला काही चित्रकार मित्र जमले आणि त्यांनी एक मंडळ काढले. ज्या घरात बैठक झाली त्या घराचा क्रमांक १८९०, म्हणून मंडळाचे नावही 'ग्रुप १८९०'. अंबादास त्यातले एक. पुढच्या वर्षी दिल्लीत त्यांचे प्रदर्शन पंडित नेहरूंच्या हस्ते उघडले. त्यांच्या जाहीरनाम्यात एक गोष्ट रोखठोक सांगितली होती: रविवर्म्याचे अनुकरण आम्हाला नको, आणि युरोपचेही अनुकरण नको. जुन्याची नक्कल जशी नक्कल, तशी नव्याचीही नक्कलच, हे त्यांनी ओळखले होते.

१९७२ साली अंबादास नॉर्वेत ऑस्लोला जाऊन राहिले आणि २०१२ साली तिथेच वारले. त्यांच्या चित्रात देव नाही, माणूस नाही, झाड नाही. कुंचल्याचे फराटे आहेत, ते एकमेकांत वळतात, वाहतात, फुटतात. नातवाने मोबाइलवर दाखवले तेव्हा खरे सांगतो, मला प्रथम काहीच कळले नाही. तसाच पाहत राहिलो. मग आषाढात पूर्णेला येतो तो गढूळ पूर आठवला, आणि पहिल्या पावसानंतर वखरलेली काळी जमीन. चित्रकाराच्या मनात तेच होते असे मी म्हणत नाही. हे माझे पाहणे. पण एवढे दिसले, की या माणसाने आपली एक वाट धरली आणि जवळजवळ पन्नास वर्षे, बर्फाच्या मुलुखातही, ती सोडली नाही.

एकाच सालचे, एकाच प्रांतातले, एकाच कलाशाळेत शिकलेले दोघे. एकाला स्थिर बिंदू लाभला, दुसऱ्याला वाहती रेघ. वेगळे दिसायचे म्हणून ते वेगळे झाले नाहीत. ज्याचे लक्ष जिथे खिळले, तिथे तो राहिला.

आता राहिला अहंकाराचा प्रश्न. आपली रेघ म्हणजे 'मी' नव्हे काय? वारकऱ्याने याचे उत्तर बाहेर शोधायला नको. आपले संत देहबुद्धी टाकलेले. तरी प्रत्येकाच्या अभंगाला त्याची त्याची नाममुद्रा आहे. नामदेवांची वेगळी, जनाबाईंची वेगळी, तुकोबांची वेगळी. नाम एक, देव एक, आणि तरी दोन ओळी ऐकल्या, की कानाला कळते हे कोणाचे बोल. नाथांनी तर मुद्रेत आपल्या नावाला गुरूचे नाव जोडून टाकले. 'एका' आहे आणि 'जनार्दन'ही आहे. गुरू मिळाला म्हणून एका पुसला गेला नाही. आणि एका उरला म्हणून गुरू विसरला गेला नाही. दुसरीकडे अजिंठ्याच्या भिंती पाहा. आपल्या बुलढाण्यातून जो डोंगर जातो, त्याच डोंगरातली ती लेणी. तिथल्या चित्रकारांची नावे आपल्याला माहीत नाहीत. तरी पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या झुकलेल्या पापण्यांपुढे उभे राहिले, की हे कुणीतरी एकाने मन लावून पाहिले होते याची खात्री पटते. म्हणजे नाव घालणे ही वेगळी गोष्ट आणि आपला भाव असणे ही वेगळी. नाव असून भाव परका असू शकतो, नाव नसून भाव आपला असू शकतो. अहंकार नावाला चिकटतो. भावाशी त्याचे फारसे जमत नाही, कारण भाव खरा असला तर माणूस स्वतःकडे पाहतच नाही, समोर पाहतो.

माझीच एक फजिती सांगतो. तरुणपणी मी माझ्या गुरूंच्या मागे उभा राहून टाळ धरीत असे. त्यांची चाल, त्यांचे हातवारे, सगळे उचलले. चाल धरण्यापूर्वी ते किंचित खोकत; मीही खोकू लागलो. एकदा कीर्तन झाल्यावर त्यांनी जवळ बोलावले आणि म्हणाले, "बाबा, मला दम्याचा विकार आहे. तुला काय झाले?" त्या दिवशी फार लाज वाटली. पण त्यांनी असेही सांगितले, की चाल सोडू नकोस, ती तुझी होईतो घोट; खोकला तेवढा माझा मला परत दे. नक्कल करणे पाप नाही. नकलेशिवाय हात बसत नाही. मात्र नकलेत गुरूचे पाहणे घ्यावे. त्याच्या सवयी घेऊ नयेत.

दुसरीही एक सावधगिरी हवी. भाव म्हणजे रडणे नव्हे. कीर्तनकार स्वतःच हुंदके देऊ लागला, तर श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येत नाही. ते त्याला पाणी आणून देतात. शाकुंतलात दुष्यंत पश्चात्तापाने पोळलेला असतो, आणि शकुंतलेचे चित्र काढतो. तेव्हाही तो नुसता रडत बसत नाही. अजून मालिनी नदी काढायची राहिली, वाळूतली हंसांची जोडी राहिली, तिच्या कानावरचे शिरीषाचे फूल राहिले, असे तो एकेक मोजतो. ज्याचा जीव गुंतला, त्यालाच काय राहिले ते दिसते. जिव्हाळ्याची खूण ही. ज्या वस्तूबद्दल आपल्याला बारीकसारीक ठाऊक आहे आणि तरी 'अजून राहिले' असे वाटते, तिथे आपली रेघ आहे असे समजावे.

एवढा विचार झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. अकोल्यात जुन्या वस्तीत दोन खोल्या. फ्लेक्सचे फलक आल्यापासून पाट्यांचे काम गेलेलेच; आता देवळांच्या भिंती आणि तसबिरी. त्याने चहा दिला. मी म्हणालो, "बारा वर्षांपूर्वी मी चुकलो. सर्वांदेखत बोललो होतो, म्हणून या सप्ताहात सर्वांदेखत तसे सांगणार आहे. ते चित्र मला पाहायचे आहे."

तो हसला. "ते कोठचं महाराज आता? फळी चांगली होती. त्याच्यावर पांढरा मारला अन् किराना दुकानाची पाटी केली."

मला बोलता येईना. बाप हयात आहे काय, विचारले. तर तोही चार वर्षांमागे गेलेला. म्हणजे चित्रही नाही आणि चित्राचा बापही नाही. एखाद्याला हसून आपण काय घालवतो, याचा हिशेब असा उशिरा कळतो.

थोड्या वेळाने त्याने पलंगाखालून एक वही काढली. घरच्यांनाही दाखवलेली नव्हती. पानापानांवर हात होते, नुसते हात. कमरेवर ठेवलेले, बोटे आत वळलेली, मनगटाचे हाड वर आलेले. कुठे अंगठ्याचे नख फुटलेले. पन्नासेक पाने असतील. "तोंड आठवत नाही पुरतं," तो म्हणाला, "पन हात आठवतात. अजून अंगठा जमून नाही राह्यला."

मी चष्मा पुसून पुन्हा पहिल्या पानापासून पाहू लागलो. त्याने विचारले, "कसं आहे महाराज?" यावेळी मी काही बोललो नाही. वही दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि त्याच्या हाती परत दिली. तो अंगठ्याकडे पाहत बसला होता.

रामकृष्णहरि.